पोचल्या का गोळ्या?

दि. ९ सप्टेंबर

चि. डॉक्टरसाहेबांस,

ताईचे आशीर्वाद. मोठी आहे म्हणून देते आहे, मनातून नव्हे. इकडे सगळं ठीक. गच्चीवरची टाकी गळत होती, ती दुरुस्त केली. आईचं बीपी ताब्यात आहे.

तुझ्या दवाखान्याची नवी पाटी फोटोत पाहिली. दात आणि हिरड्यांचे तज्ज्ञ! वा रे तज्ज्ञ.

तुझ्या सासूसासऱ्यांसमोर आईला आ करायला लावून काय म्हणाला होतास, आठवतं? "अगं, दात घासतेस की नाही? काय ही घाण!" जिने तुला कान धरून दात घासायला शिकवलं, तिला! हिरड्या तिच्या दातांवर चढल्या होत्या. त्या तू कापल्यास, काही महिन्यांत पुन्हा तेवढ्याच वाढल्या. तर म्हणे, "ती माझं ऐकतच नाही." बिचारी रक्त येईपर्यंत घासत होती रे.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड पाहिलं आणि आधी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट मागितलं. या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात म्हणाल्या. गोळी बदलून दिली. आता हिरड्या हळूहळू उतरताहेत.

परक्या पेशंटला खुर्चीत बसवण्याआधी तू विचारतोस ना, कुठली औषधं चालू आहेत? आईला नाही विचारलंस. कशाला विचारशील? गोळ्या दर महिन्याला तूच तर पाठवत होतास. मोठा आला मातृभक्त!

हे तुला कळवायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे. मला वाटलं, तुला वाईट वाटेल म्हणून. म्हटलं, वाटू दे की मेल्याला. तर तोंडावर हात धरून (ती सवय अजून गेलेली नाही) म्हणाली, "गोळ्या बंद झाल्या तर तो फोन कशाला करेल गं?"

तुझी पार्सलं तिच्या कपाटात तशीच पडली आहेत. "पोचल्या का गोळ्या?" एवढं विचारून तू फोन ठेवतोस, आणि ही दिवसभर सांगत सुटते, लेकाचा फोन आला होता.

गोळ्या पाठवू नकोस. फोन कर. काही सुचलं नाही तर जेवलीस का म्हण. आईला विचारतात तसं.

नाइलाजाने तुझीच,
ताई