मधल्या माळाचं राष्ट्रगीत

मु. मधला माळ,
कोगनोळी नाक्याच्या अलीकडं की पलीकडं, ते अजून ठरायचं आहे.

सौ. प्रियदर्शनी आक्कास,

तुझा धाकटा भाऊ आदर्श याचा वडगावच्या दिशेनं वाकून नमस्कार. (दिशा इथल्या लोकांना विचारून घेतली. दोघांनी दोन सांगितल्या, म्हणून दोन्हीकडं वाकलो.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचे माग चालू आहेत ना? घरातल्या मोठ्यांना नमस्कार आणि बारक्यांना, फार त्रास देत नसतील तर, आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नको. फोन का केला नाहीस म्हणशील, तर माझा फोन सध्या कडुलिंबाला बांधलेला आहे आणि तो राष्ट्राच्या मालकीचा झाला आहे. मी बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं, पण मला इथून सोडत नाहीत. ते का, हे सांगायलाच लिहायला बसलो.

तू नोकरीचा पत्ता देऊन मला कोल्हापूरच्या गाडीत बसवलंस ते अगदी बरोबर केलंस. मी पुढच्याच थांब्यावर उतरलो. एक जण भेटला, त्याला कणकुंबीत पोती उतरवायला माणूस पाहिजे होता (कणकुंबी उलट्या दिशेला आहे, मान्य, पण जंगल बघून लई दिवस झालते). तिथनं परत आलो आणि मात्र सरळ कोल्हापूरच धरलं. कोगनोळीला दोन राज्यांच्या सीमेवरच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली. चहाला उतरलो. चहा चांगला होता म्हणून दुसरा घेतला. तेवढ्यात रांग सुटली आणि गाडी माझ्या पिशवीला न घेता, म्हणजे पिशवी माझ्याच खांद्यावर होती, पण मला न घेता निघून गेली.

चहाची टपरी नागुबाईची. टपरी, नागेंद्रचं पंक्चरचं दुकान आणि मागं दहा-बारा घरं, एवढाच मधला माळ. रस्ता रुंद करताना हा माळ कुठल्याच नकाशात बसला नाही म्हणे. या बाजूची कचेरी सांगते, तुम्ही त्यांचे. त्या बाजूची सांगते, तुम्ही यांचे. मतं मागायला मात्र दोघंही येतात. या लोकांचं मागणं तरी काय मोठं? कचऱ्याची गाडी यावी, बस्स. खाली दोन्ही गावांत रोज सकाळी येते, यांच्यापर्यंत कोणाचीच येत नाही. मी दुसरा चहा पीत होतो तेव्हा नागुबाईनं किटली आपटली आणि म्हणाली, "दोघांनाबी नको झालोय न्हवं? मग आम्ही आमचा देश काढतो!"

आक्का, देश काढणं सोपं असतं. झेंड्याला नागुबाईनं टपरीवरचा निळा ताडपत्रीचा तुकडा दिला, चलन म्हणून चहाचं टोकन होतंच. अडलं ते राष्ट्रगीतावर. (मोठ्या देशाचं राष्ट्रगीत आहेच, शाळेत त्याला सगळे उभे राहतात, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. हे आपलं घरगुती.) मी गुंजीला असताना आठवडाभर एका मंडपवाल्याकडं कर्णे बांधत होतो, हे मी बोलून गेलो. माझं कुठं काय बोलायचं असतं हे तुला माहीतच आहे. मला लगेच ध्वनिमंत्री केलं.

सगळ्यांत म्हातारे भावकू आप्पा. ते म्हणाले, भजन ठेवा. भजन लावलं तर सगळे खाली बसले, डोळे मिटले आणि टाळ्या धरल्या. दुपार झाली तरी कोणी उठेना. नागेंद्रनं कन्नड गाणं सुचवलं, तर मराठी घरांना अचानक म्हशींच्या धारा आठवल्या. मराठी लावलं तर नागेंद्रनं दुकानाचं शटर ओढलं आणि आतनंच ओरडला, "तुमच्या देशात तुम्हीच हवा भरून घ्या!" मंगलाष्टकं म्हणून बघितली, ती सगळ्यांना पाठ होती, पण लोक तांदूळ टाकायला लागले आणि नंतर जेवण कुठं आहे म्हणून विचारायला लागले. हलगी लावली, तर नाचता नाचता भावकू आप्पांची कंबर धरली, ती दोघांनी मिळून सोडवली. मला कळून चुकलं की गाणं चांगलं असून उपयोग नाही. ज्याला न सांगता सगळे घराबाहेर येतील आणि गप उभे राहतील, असं काहीतरी पाहिजे.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच झालं. भांडण ऐन रंगात असताना वाऱ्यावरनं खालच्या गावातल्या कचरागाडीचा सूर आला. शब्द नाहीत, नुसतं पीं पीं पिपी. आक्का, अख्खा माळ उठला! जो तो आपापल्या दारात आला, हातात भरलेली बादली, नजर रस्त्याकडं. कोणी कन्नड नाही, कोणी मराठी नाही. गाडी वळली, सूर लांब गेला, आणि नागुबाईनं पदरानं डोळे पुसले. नागेंद्र हळूच म्हणाला, "ह्यापेक्षा दुसरं कुठलं वो?" राष्ट्रगीत एकमतानं ठरलं.

ते फोनमध्ये घ्यायला मी खाली जाऊन गाडीमागं पळालो. ड्रायव्हरनं विचारलं, "कचरा कुठाय?" मी म्हटलं, "कचरा न्हाय, राष्ट्रगीत पायजे." त्यानं गाडीचा वेग वाढवला. तरी घेतलं.

उद्घाटनाला मी कडुलिंबावर दोन कर्णे बांधले, एक या राज्याकडं तोंड करून, एक त्या राज्याकडं. उगीच कोणाला वाटायला नको की आम्ही पक्षपात करतो. फोन जोडला, झेंडा वर गेला, सूर घुमला. मधला माळ ताठ उभा! आणि बघतो तर दोन्ही उतारांवरनं माणसंच माणसं पळत येताहेत. मला वाटलं, शेजारच्या देशांतनं शुभेच्छा द्यायला आले. मी आवाज वाढवला.

त्यांच्या हातात बादल्या होत्या. पोती होती. एकानं आख्खी गादी आणलेली. गाडी दिसेना तेव्हा "गाडी न्हाय तर न्हाय, जागा तरी हाय" म्हणत सगळं झेंड्याखाली ओतलं आणि समाधानानं घरी गेले. आमची माणसं जागची हलली नाहीत, कारण राष्ट्रगीत चालू होतं. संपलं तेव्हा झेंड्याचं फक्त टोक दिसत होतं.

मी म्हटलं, गीत बदलूया. तर सगळे माझ्या अंगावर आले. "गाण्याचा काय दोष रं? कर्णे कुणी फिरवलं?" भावकू आप्पा म्हणाले. नागुबाईला तर भारी अभिमान. "सांग बघू, कुठल्या देशाच्या राष्ट्रगीताला परदेशातली माणसं अशी धावत येत्यात?" मग मंत्रिमंडळ बसलं (टपरीच्या बाकावर) आणि निकाल लागला की हा ढीग उचलला जाईपर्यंत ध्वनिमंत्र्यानं देश सोडायचा नाही. माझी पिशवी आणि चपला जमा आहेत. आक्का, मी आयुष्यात एका गावात इतके दिवस राहिलेलो नाही. पायांना मुंग्या येतात. तेव्हा भावजींना पाठवून मला सोडव.

तुझा
आदर्श
(ध्वनिमंत्री, सध्या अनवाणी)

ता. क. भावजींना मोटारसायकलवर पाठवू नको, साड्यांचा टेम्पो घेऊन यायला सांग. मी एकटाच आहे, तरी टेम्पोच पाहिजे. साड्या काढून ठेवा. ताडपत्री टाका. कारण विचारू नको.

ता. क. दुसरा. कारण तुला कळलंच असेल. पण आमच्या देशात टपालपेटी नाही म्हणून पत्र खिशातच राहिलं आणि मधे चमत्कार झाला. तिकडची गाडी ढीग न्यायला येणार अशी कुणकुण इकडं लागली, आणि आमचा कचरा तिकडं का म्हणून इकडचीही निघाली. काल सकाळी दोन्ही गाड्या एकदमच माळावर आल्या! मी पिशवी मागायला पळालो. पण गाड्या काय वाजवत आल्या, तेच. अख्खा माळ बादल्या खाली ठेवून ताठ उभा, हात मांडीला चिकटलेले. ड्रायव्हर ओरडतात, "भरा की वो!" कोणी हलेना. मी म्हटलं, "अहो, गाणं बंद करा!" तर भावकू आप्पा ओठ न हलवता म्हणाले, "राष्ट्रगीत मधीच बंद करत्यात व्हय रं?" मी एकटा भरायला वाकलो, तर नागुबाईनं नुसतं डोळ्यांनी मला सरळ केलं. गाड्या थांबल्या, वाट बघितली, वाजवत वाजवत निघून गेल्या. आजही आल्या, आजही गेल्या. रोज येणार म्हणतात. माळ खूश आहे. एवढा मान कुठल्याच राज्यानं कधी दिला नव्हता म्हणतात.

तेव्हा टेम्पो पाठवच. फक्त भावजींना सांग, येताना काहीही वाजवू नका, हॉर्नसुद्धा नको.