कूलर काढल्यानंतर

८ जुलै, मंगळवार

कूलर काढला! जितेंद्रने खिडकीतून उतरवला, टाकी पुसून गॅलरीत ठेवला. एप्रिलमध्ये राहायला आल्यापासून आज पहिल्यांदा या घराचा खरा आवाज ऐकला. आमच्या घराचा नव्हेच — शेजारच्या भागीरथाबाईंच्या. त्यांची शिंक. त्यांचा मिक्सर. डब्याचं झाकण लागलं तेसुद्धा! आणि चार वाजता टीव्ही, असा मोठा की ताईशी फोनवर धड बोलता येईना.

नवंकोरं घर, आणि भिंत म्हणजे पत्र्याचा डबा.

१० जुलै

बिल्डरचा इंजिनिअर येऊन गेला. भिंतीवर बोटाने टकटक केलं. 'मॅडम, चार इंची ब्लॉक आहे. सगळ्याच फ्लॅटले हेच.' मग आवाजाचं काय करायचं? 'इकडून एक कपाट लावून पाहा ना.' वर हसला!

कपाट सरकवलं. पुस्तकं ठासून भरली. काडीचा फरक नाही. चारला टीव्ही सुरू, साडेचारला एकदम गप्प. रोज.

१३ जुलै, रविवार

गावी, कुहीला, सासूबाईंना फोन केला. 'बरी आहो. तुम्ही बरे राहा.' संपलं.

नव्या घरात आमच्याजवळच राहायचं म्हणून एप्रिलमध्ये किती हौसेने आल्या होत्या. अकरा जूनला पिशवी भरली आणि मोठ्या दिरांकडे परत. 'मले गावातच बरं वाटते' — याच्यापुढे एक शब्द नाही. जितेंद्र आज पुन्हा म्हणाला, 'काही तं झालं असन ना वं. माय अशी जात नाही.' माझ्याकडे पाहून म्हणाला. की मलाच तसं वाटलं?

सगळं तपासून पाहते. बावीस वर्षांत आईंना एक उलट शब्द बोलले नाही. हो आई, बरं आई. भाजी अळणी लागली, तिखट वाढवलं. भाजीवरचा सांभार शिळा म्हणाल्या, ताजी कोथिंबीर आणली. कॉलेजातून थकून आले तरी कधी कपाळावर आठी दाखवली नाही. मन साफ होतं असं नाही म्हणवत. तोंड तरी साफ होतं.

त्यांची गोधडी इथेच राहिली आहे. विसरल्या असतील तर नेण्यासाठी तरी येतील. विसरल्या नसतील तर?

१५ जुलै

आवाज दाबायला तीच गोधडी भिंतीवर टांगली. आवाज तेवढाच. आईंची पांघरायची वस्तू आणि मी खिळ्याला लटकवली! संध्याकाळी काढून घडी करून ठेवली.

१६ जुलै

शेवटी भागीरथाबाईंकडे गेले. निवृत्त नर्स, एकट्या राहतात, सत्तरीच्या. किती वेळा वाक्य मनात घोकलं होतं! तरी दारातच बोलून टाकलं — चार वाजताचा टीव्ही थोडा हळू ठेवाल का. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. 'चार वाजताचाच ना? तो मी...' आणि थांबल्या. 'करते कमी. तुम्ही मनाले लावून घेऊ नका.'

मनाला त्यांनी लावून घ्यायचं, आणि समजूत माझी काढतात!

१८ जुलै

टीव्ही बंद. ताईशी पोटभर बोलले. पण चारला त्यांचं दार वाजलं, मग लिफ्ट. गॅलरीतून पाहिलं तर खाली बाकावर छत्री धरून बसलेल्या. काल पण तसंच. साडेचारला वर.

मी म्हातारीला तिच्या घरातून बाहेर काढलं का?

२१ जुलै, सोमवार

आज चार वाजायच्या आत त्यांच्याकडे गेले. म्हटलं, टीव्ही लावा, हवा तेवढा मोठा लावा, पण पावसात खाली बसू नका. 'या, च्या घ्या आधी.' भिंतीजवळच्या वेताच्या खुर्चीवर बसवलं.

आणि पाठीमागून जितेंद्र बोलला! 'अबे, कोराडीले जाऊन रायलो ना, दहा मिनिटं थांब.' शब्द न् शब्द. माझ्याच घरात, फोनवर, साध्या आवाजात. मग त्याच्या चपला. मग आमची कडी.

'नेहमी असंच ऐकू येतं?'

'हो ना.'

'पण उन्हाळ्यात नसेल. कूलर होता ना.'

'कूलर तुमच्या घरात होता, मेघाताई. माझ्याकडे तं एसी आहे. तुम्ही त्या कूलरच्या वरताण बोलत होत्या. उन्हाळ्यात तं जास्तच.'

कप खाली ठेवला. आई उन्हाळाभर रोज चारला इथेच येऊन बसायच्या. त्या इकडे आल्या की मी ताईला फोन लावायची — तेवढाच मोकळा अर्धा तास. 'दोन खोल्यांत तिसरं माणूस मला झेपत नाही गं ताई. सारखी भाजीला नावं. जात का नाहीत गावी?' ओरडून. रोज.

'त्या कुठे बसायच्या?'

'तुम्ही बसल्या तिथंच.' मग घाईने म्हणाल्या, 'म्हणूनच तं मी टीव्ही मोठा लावत होती. त्यांच्या कानावर नको पडायले. मंग सवयच लागली. त्या गेल्या तरी तुमचा फोन सुरू झाला की माझा हात रिमोटवर.'

'म्हणजे आईंना नाही ना ऐकू गेलं?'

त्यांनी कप उचलले. आत जाता जाता म्हणाल्या, 'मी वाढवत होती. त्या कमी करत होत्या.'

२२ जुलै

ताईचा फोन उचलला नाही.

२४ जुलै

जितेंद्रला सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्हीदा जेवायला वाढू का विचारलं.

२७ जुलै, रविवार, कुही

गोधडी घेऊन एकटी आले. आई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. सगळं कबूल केलं. मग विचारलं — ऐकवत नव्हतं तर टीव्ही कमी का करत होत्या?

'मंग काय करू? बावीस वर्षं नुसतं हो आई, बरं आई. तुह्या मनातलं मले त्या भिंतीतूनच समजलं.' सूप बाजूला ठेवलं. 'बोल आता. समोर बोल.'

मी म्हटलं, 'हो आई.'