बियाण्याची काकडी

वलगाव, चैत्र वद्य पंचमी, शके १८५७

वडीलबंधूसमान खुशालराव यांस, आपल्या बहिणीचा नवरा गोवर्धन याचा दंडवत. (ओळख द्यावी लागते, कारण गेल्या सालापासून मूर्तिजापुरात माझी ओळख कोणी धरत नाही.) वहिनींचा दमा, गायीचे दूध आणि आपला गुडघा हे तिन्ही ठीक असतील. शकुन आठ दिवसांपूर्वी तिकडे माहेरी आली, तिने हकीकत सांगितलीच असेल. ती सगळी खरी आहे. त्या हकीकतीत माझी बाजू तेवढी नसेल, म्हणून हा कागद खराब करतो.

आपण कापूसवाले. आम्हा भाजीच्या वाडीवाल्यांच्या भानगडी आपल्याला ठाऊक नसतात. आमच्याकडे वेलावरची एक काकडी घरच्या बाईने चाखायची; ती गोड निघाली तर त्याच वेलावरची दुसरी बियाण्याला राखायची. आई असेतो आई चाखत असे, आता शकुन चाखते. गेल्या चैत्रात आपल्या मुलीचे बारसे होते आणि मोटेचे पाणी कोण वळवणार म्हणून मी शकुनला पाठवले नाही. (चूक झाली. पुढे पुन्हा कबूल करायला लावू नका.) त्याच सकाळी मी तिच्यापुढे काकडी धरली. तिने मुकाट्याने खाल्ली आणि "ठेवा" म्हणाली. मी ठेवली.

यंदा अख्खा वाफा कडू! मला पत्ता लागला तो अमरावतीच्या बाजारात. एका पेन्शनर मास्तरांनी विचारले, "गोड हाय का?" मी ऐटीत एक मोडून खाल्ली. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी. मास्तर म्हणाले, "डोये काहून भरले?" मी म्हटले, "ऊन लागून राह्यलं जी," आणि हसत हसत देठापर्यंत संपवली. त्यांनी दोन शेर नेल्या. दुसऱ्या दिवशी तोच माणूस चाकू घेऊन माझ्या टोपलीशेजारी बसला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला एकेक फोड फुकट चाखवू लागला. उरलेला माल म्हशीपुढे टाकला. तिने हुंगला आणि माझ्याकडे पाहिले.

घरी येऊन मी ओरडलो की मूर्तिजापूरच्या जिभाच तशा. शकुन म्हणाली, "तुमी मले बारशाले जाऊ नाई देलं. त्या आठ दिसांत मले गूळई कडू लागे. त्यात तुमची काकडी कशी हाय, मले काय समजन?" यावर मी आणखी मोठ्याने ओरडलो. दुपारी ती शेजारच्या देवीदासच्या बैलबंडीत बसून बडनेरा स्टेशनावर गेली.

मी मजेत आहे. भाकरी मीच थापतो. ती गोल नसते, पण पोटात गेल्यावर कोण पाहते? लोभ उरला असेल तर असू द्यावा.

आपला,
गोवर्धन

ता. क. नवे बियाणे देवीदासच्या वाडीतून घ्यायचे आहे आणि चाखायला घरची बाई लागते. एवढ्या कामापुरती शकुनला दोन दिवस पाठवावी. माझे दुसरे काही म्हणणे नाही.

आणखी ता. क. पत्र बंद करता करता देवीदासची काकडी मीच चाखून पाहिली. कडू जहर! त्याला चार शिव्या दिल्या. त्याने माझ्या हातातला उरलेला तुकडा घेतला, खाल्ला आणि म्हणाला, "गोड हाय की रे." मग त्याच्या पोरांनी उरलेली टोपली संपवली. खुशालराव, मी शनिवारच्या गाडीने येतो. बाळीसाठी झबले घेतले आहे. मला हवे तर दारातच उभे ठेवा, पण शकुनला सांगा, की त्या आठ दिवसांचे मला आता समजले.