आईच्या टाकीला कोणता फिल्टर

८ फेब्रु.
टाकीतलं पाणी पुन्हा गढूळ. पंधरवड्यात तिसऱ्यांदा.
आईचा पाय डिसेंबरपासून प्लास्टरमध्ये, म्हणून मधल्या खोलीत तिच्या खाटेशेजारी ही काचेची टाकी आणली. चार गोल्डफिश. उरलेली खोली कापसानं धरलीय, पार आढ्यापर्यंत. सकाळी आई म्हणे, "बापू, पाटलीन दिसून नाही राह्यली रे." पाटलीन म्हणजे सगळ्यात जाडी मासोळी. होती, गढूळ पाण्यामागे.
सोबत आलेला पावर फिल्टर कामाचा नाही. वीज गेली की बंद. आली की असा झोत मारतो की मासे काचेला लागतात.

११ फेब्रु.
शाळेतून परस्पर मेहकर. सलीमभाई मोटारी दुरुस्त करतात, मागच्या खोलीत मासे विकतात. मी फिल्टरच्या तीन प्रकारांचा तक्ता करून नेला होता. पाहून हसले. "सर, लाइट किती घंटे राह्यते गावात ते सांगा. कागद ठेवा खिशात."
वर टांगायचा फिल्टर जास्त पाणी गाळतो, पण त्याला वीज हवीच. स्पंजचा घ्या म्हणाले. हवेच्या पंपावर चालतो, पंप बॅटरीवरही चालतो. "स्पंजात चांगले जंतू बसतात, घान तेच खातात. नळाखाली धुवाचा नाही. टाकीच्याच पान्यात पिळा."
मी विज्ञान शिकवतो. आणि जुना फिल्टर दर रविवारी नळाखाली पांढरा होईपर्यंत धूत होतो. हे त्यांना सांगितलं नाही.

१५ फेब्रु.
स्पंज लावून चार दिवस. आज बुडबुडे मंद. पिळला तर हिरवं काही नाही, पांढरट लगदा.
आई जास्त खायला घालते का? "मी काऊन घालू? सुनंदालेच विचार." सुनंदा म्हणाली, "अहो, चार दाणे टाकते. तुम्हीच शिकवलंत." दोघींवर उगाच संशय घेतला.
आईला खोकला. दंड खाजवते. मच्छर चावतात म्हणे.

१९ फेब्रु.
पुन्हा तेच. सलीमभाईंना फोन. वर टांगायचा घेऊ का?
"लगदा पांढरा? सर, मासे खाऊन काय राह्यले, कापूस?" मोठ्यानं हसले. मीही हसलो. फोन ठेवल्यावर बराच वेळ ढिगाकडे पाहत उभा होतो.

२० फेब्रु.
पंप उघडला. खाली हवा आत घ्यायचं छिद्र असतं, तिथे नखाएवढी जाड कापडाची चकती. ती दिसतच नव्हती. वर पेरभर पांढरी गादी बसलेली. तंतू. हे पाण्यातले नव्हेत, हवेतले.
पंप या खोलीत नऊ दिवस. आई डिसेंबरपासून. खाट दोन हातांवर.
दादा दिवाळीनंतर गाडी भरून कापूस विकणार होता. मीच फोनवर बातम्या वाचून म्हणालो, थांब, भाव चढेल. बीटी बियाणं आलं तेव्हा फवारण्या कमी होतील असंही मीच वाचून सांगितलं होतं. या कापसावर किती झाल्या, दादालाच ठाऊक.

२१ फेब्रु.
दादाला चकती दाखवली. शेतातून आला होता, उभ्याउभ्याच घेतली. एक तंतू चिमटीत धरून ओढला, लांबी पाहिली. "धागा चांगला हाये."
म्हटलं, हा आईच्या छातीत चाल्ला.
चकती माझ्या हातात परत दिली. मग, "बोंडअळीनं खाऊन एवढाच राह्यला. मी तं तवाच इकून राह्यलो होतो. तूच म्हनला ना बे, थांब." खरं आहे. "आता तूच सांग. म्हनशीन तवा गाडी लावतो. पर मांगून भाव चढला तं मह्याकडे पाहू नोको."

२३ फेब्रु.
आईला पुढच्या खोलीत नेऊ म्हटलं. "मासोया अथी अन् मी तथी? मंग हे प्लास्टर बी त्यायलेच घाला." वर म्हणे, कापूस हाये तं घर भरल्यावानी वाटते.
भरलेली टाकी हलत नाही. रिकामी करावी तर पाणी नवं, स्पंजात जंतू अजून पुरते बसले नाहीत, मासे दगावतील. शेवटी टाकीवर काच झाकली, पंप ओसरीवर ठेवला आणि लांब नळी खिडकीतून आत घेतली. दीड तास खपलो. माशांना आता बाहेरची हवा.
माशांना. लिहितानाच थांबलो.

२६ फेब्रु.
पाणी निवळलं. पाटलीन दारातूनच दिसते. स्पंजच बरोबर होता, उगाच बदलणार होतो.
आईचा खोकला तसाच. डॉक्टर घरी आले, छाती तपासली, ढिगाकडे पाहिलं. "इथेच झोपतात?" सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. "मग?" एवढंच विचारलं त्यांनी. मी म्हणालो, बघतो. काय बघतो?

१ मार्च
उठल्यावर आधी फोनवर भाव पाहिला, मग आईकडे गेलो. रोजचाच क्रम असावा. आज ध्यानात आला.
रात्री ती तीनदा खोकत उठली होती, असं सुनंदा म्हणाली. मला जाग नाही.
संध्याकाळी दादा दारात. "सांगू का बे गाडीवाल्याले?"
म्हटलं, "आज भाव थोडा वर हाये."
म्हणून विक, की म्हणून थांब? तेव्हा मला ठाऊक होतं, असं छातीवर हात ठेवून नाही म्हणता येत. दादानं मान हलवली, चप्पल घातली, गेला. कुठे ते विचारायला हवं होतं. अजून आला नाही.
आतून आई विचारतेय, "काय म्हने रे दादा?"