कुळाशी संबंध आढळला नाही

१४ नोव्हेंबर
देवानंद सकाळीच टपकला. कुलमंडळाचा चिटणीस, शेगावात स्वतःचं लॉज, आणि हल्ली डोक्यात इतिहास. जामोदकर कुलवृत्तांताचं संपादन माझ्या गळ्यात पडलंय. पात्रता काय, तर मी साप्ताहिकात लोकांची टर उडवतो!

अभिलेखागारातल्या ज्या ज्या कागदावर आमचं आडनाव दिसलं, त्याची झेरॉक्स काढून आणलीय. एक जामोदकर इंग्रजी अमदानीत बैलचोरीत सापडलेला.

"मार्तंडभाऊ, याले क्रांतिकारकाईत टाका."
"अरे, बैल चोरलेत त्यानं."
"धरलं कोनं? इंग्रजायनंच ना? मंग?"

टाकला.

१७ नोव्हेंबर
आज विद्वानांची भरती. देवानंदने विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर आडनाव टाकलं आणि यादी छापून आणली. पहिलंच नाव — डॉ. रेणुका जामोदकर. वऱ्हाडातल्या जुन्या बारवांवर तीन ग्रंथ.

"कोन आहेत हो ह्या? लय मोठ्या दिसून राह्यल्या. आपल्या कुळाच्या नसल्या तरी आडनावबंधूत घेऊ."

माझी धाकटी बहीण आहे, असं मी म्हणालो नाही. आत वळून चहा सांगितला.

तो गेल्यावर सुलभा कपबशा उचलता उचलता म्हणाली, "मला वहिनी म्हणायची. म्हणजे मी कोण आता, आडनाववहिनी?"

बायकोने साप्ताहिकात लिहायला घेतलं तर माझं दुकान बंद होईल.

१८ नोव्हेंबर
झोप नीट नाही.

रेणुकाने जातीबाहेर लग्न केलं त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, आरडाओरडा केला नाही. फक्त तिचं नाव घेणं बंद केलं. मग आईने, मग घराने. देवानंद तेव्हा चड्डीत होता, त्याला कुठून माहीत असणार.

कुलवृत्तांताचा नियम असा : प्रत्येक शाखेच्या सर्वांत वडीलधाऱ्याने आपली वंशावळ तपासून द्यायची. त्याच्या शब्दाशिवाय नाव चढत नाही, उतरत नाही. आमच्या शाखेचे वडीलधारे अण्णा. मंडळाचे अध्यक्षही अण्णा. वंशावळीत महादेवराव, म्हणजे अण्णाच, त्यांच्याखाली मी. एकटाच, झेंड्यासारखा.

पहिल्या पानावर मात्र रेणुका आहे. माहूरची. कुलदेवी.

डिसेंबरात पुस्तक छापायला जातं. त्याआधी बहिणीला अण्णांच्या नावाखाली आणायचं. अण्णा सत्त्याऐंशीचे आहेत. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा विचारायला कोणी नसेल, आणि जे छापलं तेच खरं ठरेल.

२३ नोव्हेंबर
विचारलं. अण्णा ओसरीत प्रुफं तपासत होते. मुख्याध्यापकी सुटून तीस वर्षं होत आली, लाल पेन सुटलेलं नाही.

"अण्णा, आपल्या शाखेत एक नाव राहिलंय."
"मनोगतात तू 'मी' किती वेळा लिहिलंयस, मोजलंस का?"

एवढंच. पान उलटलं.

२५ नोव्हेंबर
परत विचारलं. कानातलं यंत्र काढून ठेवलं त्यांनी.

३० नोव्हेंबर
मंडळाने डॉ. रेणुका जामोदकर यांना शेगावच्या संमेलनाला प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवायचं ठरवलं. ठराव एकमताने. अण्णा अध्यक्षस्थानी, मान खाली. हो नाही, नाही नाही.

संध्याकाळी अमरावतीला तिला फोन केला. एरवी दिवाळीला करतो, गच्चीवर जाऊन. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग —

"दादा, लग्नानंतर यांच्या घरचे म्हणत होते, आडनाव बदल. मी म्हटलं नको. कधी कोणी शोधत आलं तर सापडायला पाहिजे ना? आलं कोण, तर तुमचा लॉजवाला."

मी हसलो. ती हसली नव्हती.

"येईन मी. पाहुणी म्हणून बोलावताय ना? पाहुणी होऊन येते."

७ डिसेंबर
शेवटची प्रुफं. जे वंशावळीत नाहीत त्या प्रत्येकाच्या परिचयाखाली देवानंदने एक ठरावीक ओळ घातलीय — 'कुळाशी संबंध आढळला नाही.' उद्या कोणी जमिनीत वाटा मागितला तर, म्हणे.

अण्णांनी सगळं वाचलं. बैलचोराचं साल दुरुस्त केलं. माझ्या मनोगतातले चार 'मी' कापले. रेणुकाच्या पानावर लाल ठिपकासुद्धा नाही.

"पेन संपलं असेल," सुलभा म्हणाली.

छापायला गेलं. हरलो.

२८ डिसेंबर, शेगाव
देवानंदच्या लॉजचं सभागृह. बाहेर कढी-भाताचा वास, आत हार-तुरे. आमच्याकडे रीत आहे : माइकवर आलं की आधी तीन गोष्टी सांगायच्या. मूळगाव, कुलदैवत, वडिलांचं नाव. पाहुणाही सुटत नाही.

रेणुका उभी राहिली. केस पांढरे झालेत तिचे. फोनवर ते कळत नाही.

"मूळगाव जामोद. कुलदेवी माहूरची रेणुका, माझं नाव तिच्यावरूनच ठेवलेलं. वडिलांचं नाव —"

थांबली. समोरचं नवंकोरं पुस्तक उघडून पान काढलं.

"इथं लिहिलंय, कुळाशी संबंध आढळला नाही."

लोकांना विनोद वाटला. टाळ्या पडल्या. देवानंद तर खूश — "बाई लय हजरजबाबी आहेत हो!"

सत्कार अध्यक्षांच्या हस्ते. अण्णांनी शाल घातली. ती पाया पडली. अण्णांचा हात वर उचलला गेला, तिच्या डोक्यापर्यंत आला नाही. तिथेच हवेत राहिला, कोणीतरी हातात नारळ देईपर्यंत.

जेवायला थांबली नाही. बस आहे म्हणाली.

२९ डिसेंबर
घरी परत. अण्णा जेवले नाहीत. पुस्तक मांडीवर घेऊन बसलेत, उघडत नाहीत.

३१ डिसेंबर
अण्णांनी सकाळी देवानंदला स्वतः फोन केला : न वाटलेल्या प्रतींचे सगळे गठ्ठे घरी पाठव, वाटलेल्या परत माग. तो म्हणाला, शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून डकवू ना, कायले तरास? "छापू नकोस. मी करतो."

दुपारपासून ओसरीत बसलेत. एकेक प्रत घेतात, रेणुकाच्या पानावरची ती ओळ लाल शाईने खोडतात आणि वर लिहितात — 'माझी मुलगी.' एका प्रतीला फार वेळ लागतो. मी पानं उघडून देतोय. मदत करू का म्हटलं, तर म्हणाले, "अक्षर माझं पाहिजे."