मागच्या खोलीतलं विषुववृत्त

३ जानेवारी
थीसिस या महिन्यात पूर्ण. विषय: पृथ्वीवर कुठे प्राण्यांच्या किती प्रजाती नांदतात, हे हवामान कसं ठरवतं. विषुववृत्ताकडे ऊब, ओल, बारमाही अन्न, म्हणून प्रजातींची रेलचेल. ध्रुवांकडे जाल तशी ती ओसरते. डोक्यात सगळं तयार आहे. फक्त लिहायचं बाकी. गाईड मॅडम म्हणाल्या, एकतीस तारखेनंतर नोंदणी रद्द. त्यांना माझा वेग ठाऊक नाही.

४ जानेवारी
लिहायला बसलो. टेबल खिडकीजवळ नेलं. उजेड फार. परत आणलं. उद्यापासून कडक शिस्त.

७ जानेवारी
घोडं कुठे अडलं ते कळलं. दुसऱ्यांच्या आकडेवारीवर किती दिवस जगायचं? स्वतःचा प्रयोग हवा! मागच्या खोलीत हीटर लावून विषुववृत्त तयार करायचं आणि कीटक मोजायचे. तिथे सासरे राहतात. त्यांना म्हटलं, खोली उबदार ठेवतोय. म्हणाले, "जावईबापू, किती काळजी घेता हो." मी खोडून काढलं नाही.

१२ जानेवारी
एक मुंगी. तीही बाहेर चाललेली. सासऱ्यांचे ओठ फुटलेत. बायको कडाडली, "खोलीचं वाळवंट केलंत!" अगदी बरोबर! नुसती उष्णता पुरत नाही, ओल हवी. हिला विषय समजतो. तिला अर्थात तसं बोललो नाही. हीटरपुढे ओल्या चादरी टांगल्या, बादल्या भरून ठेवल्या. खिडक्या बंद.

२० जानेवारी
घवघवीत यश! डासच डास! मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, "किती प्रकारचे?" जाऊन पाहिलं. एकाच. मॅडम म्हणाल्या, एकाच जातीची झुंबड हे ध्रुवाकडचं चित्र झालं. शिवाय विविधता घडायला लाखो वर्षं जावी लागतात. त्या हिशेबाने मुदतवाढ मिळेल का, असं नम्रपणे विचारलं. फोन कट. नेटवर्क खराब आहे.

२४ जानेवारी
भिंतीवर काळी, हिरवी आणि चक्क गुलाबी बुरशी. पण बुरशी प्राण्यांत धरत नाहीत. जिवाला लागलं. सासरे खोकतायत. बायको म्हणाली, "एकदा तुम्ही झोपून बघा तिथे." निरीक्षकाने प्रयोगात ढवळाढवळ करायची नसते, हे तिला कोण सांगणार?

२६ जानेवारी
सकाळी सासऱ्यांना श्वास घेता येईना. बायकोने हीटरची वायर उपटली, खिडक्या उघडल्या, रिक्षा बोलावली. मी चप्पल घालत होतो. म्हणाली, "तुम्ही कशाला? डास कोण मोजणार?"
घरात बसवेना. या खोलीतून त्या खोलीत. चादरी काढायला गेलो तर ओल्याच. मी तर आठवडाभर भिजवल्याच नव्हत्या. कंटाळा केला होता.

२७ जानेवारी
दवाखान्यात बायकोला चादरींचं विचारलं. म्हणाली, "बाबा भिजवायचे. रोज सकाळी. मी ओरडले तर म्हणायचे, त्यांची परीक्षा आहे, आपल्यामुळे अडायला नको."
जिन्यात जाऊन उभा राहिलो.

३१ जानेवारी
सासरे आज उठून बसले. नर्सने त्यांना सहज विचारलं, जावई काय करतात? त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. मोठ्या कौतुकाने म्हणाले, "शिकतायत."
नर्सने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "अजून?"
"अजून," सासरे म्हणाले.
मी पाणी आणायला उठलो.