तोच तो घोडा

३ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. लाकडाची खेळणी करण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांच्या एका माकडासारखं दुसरं माकड नसायचं. आणि आता वर्षभर तोच तो घोडा!

आमच्या प्रयोगशाळेत सवयींवरच काम चालतं. रोज तीच खुर्ची, तीच वाट असली की मेंदू झापडं लावून चालतो. भोवतालचं थोडं बदललं, की नवं सुचतं, माणूस खुलतो. तेव्हा बाबा दुपारी झोपले की त्यांची कामाची खोली पार बदलून टाक. टेबल खिडकीशी, लाकूड कोरायच्या पटाशा दुसऱ्या भिंतीला. त्यांना विचारू नकोस, ते नाहीच म्हणतील. पिकतं तिथे विकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लेकीचं एकदा ऐक.

लोभ आहेच, तो माझ्या शास्त्राला न कंटाळता वाढावा.

तुझी,
ठमी

१२ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

शेजारच्या शिंपीणबाईंना हाताशी घेऊन खोली बदलली. माझी कंबर कामातून गेली, पण खोली छान दिसत होती. हे उठून आले आणि दारातच थांबले. मला वाटलं, खूश झाले. मग टेबलाच्या जुन्या जागी गेले, तर हात नुसताच हवेत फिरत राहिला. मी म्हटलं, अहो, टेबल ते काय समोर. कुठे समोर, असं विचारून ते खालीच बसले.

ठमे, त्यांना दिसत नाही गं. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी झालं असेल, आता इलाज नाही. घरातली वस्तू न् वस्तू त्यांच्या हाताला पाठ होती, तसा घोडाही. म्हणून घोडाच. वर्तमानपत्र मला वाचायला लावायचे, तुझ्या आवाजात बातम्या गोड लागतात म्हणायचे. मी फुशारून वाचायची. डोळे असून आंधळी मीच.

आज जास्त लिहवत नाही. लोभ असू दे.

आई

१५ जून

ती. आईस,
शि. सा. न.

खोली होती तशी लाव, अगदी तश्शी. हात विसरत नाहीत, सवय परत येईल. जे सवयीने अडकले असं मी समजत होते, ते सवयीवरच तगून होते. मला स्वतःची लाज वाटते. बाबांना काय सांगू, तेच कळत नाही.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

ठमी

२ जुलै

चि. ठमीस,
अ. उ. आ.

टेबलाच्या पायांचे जमिनीवर वण होते, त्यांवर पाय बरोबर बसवले. पटाशा त्यांच्या त्यांच्या खुंट्यांना लावल्या. हे बसले, हात पटाशीकडे गेला आणि मध्येच थांबला. म्हणाले, पूर्वी हात आपणहून जायचा, आता मला विचारतो, आणि मला सांगता येत नाही. मी श्वास रोखून दारात उभी होते. तेही त्यांना कळलं. बघत उभी राहू नकोस, म्हणाले.

तुझ्यावर त्यांचा राग नाही. पोरीचं बरोबरच होतं, माणसाने नवं काही करावं, असं म्हणतात. अर्धा घोडा तसाच पडून आहे. पटाशा मात्र कुणाला तरी देऊन टाक म्हणाले. मी अजून दिल्या नाहीत.

सकाळी विचारलं, वर्तमानपत्र वाचू का? तर म्हणाले, आता कशाला. माझ्या आवाजात बातम्या गोड लागायच्या, ते तरी खरं होतं का, हे विचारायचा मला धीर होत नाही.

तू सुट्टी काढून ये. लोभ आहे, तो इथे येऊन घे.

तुझी आई